बाळंतिणीचं ताट: आईच्या खाण्यातलं दुधात काय उतरतं आणि कुठलं पथ्य बाळाला महागात पडतं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की स्वयंपाकघरात पहिली यादी तयार होते ती वर्ज्य पदार्थांची. वांगं वातूळ, बटाटा वातूळ, हरभऱ्याची डाळ नको, पालेभाजीनं बाळाला हिरवी शी होते, केळ्यानं सर्दी, ताकानं कफ, पाणी जास्त प्यायलं तर पोट सुटतं. एवढं वगळल्यावर ताटात उरतो मऊ भात, तूप, मिरपुडीचं सार, लसूण-खोबऱ्याची चटणी आणि जोडीला डिंकाचा लाडू. काही घरांत सव्वा महिना, काही घरांत तीन महिने एवढ्यावरच निघतात.

लाडू चांगलाच आहे आणि तूपही चालतं. त्रास होतो तो वगळण्याचा. आईच्या ताटातून पदार्थ कमी केल्यानं बाळाचं पोट हलकं होत नाही. उलट बाळाला लागणारे काही घटक दुधातून नाहीसे होतात, आणि त्यातल्या एकाची उणीव दोन-तीन महिन्यांच्या बाळाच्या जिवावर बेतू शकते. म्हणून आधी दूध कसं तयार होतं ते पाहू, मग ताट लावू.

दूध कमी-जास्त कशानं होतं

दुधाचं प्रमाण मुख्यतः एकाच गोष्टीवर ठरतं: छाती किती वेळा आणि किती नीट रिकामी होते. बाळ ओढतं तसं आईच्या मेंदूतून प्रोलॅक्टिन पाझरतं आणि पुढचं दूध तयार होतं. दूध साचून राहिलं की छाती स्वतःच निर्मिती मंदावते. त्यामुळे बाळाला २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजणं, रात्रीचं एखादं पाजणं न चुकवणं आणि स्तनाग्रासोबत भोवतालचा काळा भागही बाळाच्या तोंडात जाईल असं धरणं, यांनी जे साधतं ते कुठल्याही लाडवानं साधत नाही.

सुरुवात जन्मानंतर पहिल्या तासात व्हावी. पहिले दोन-तीन दिवस येणारा पिवळसर, दाट चीक थेंब-थेंबच असतो, कारण पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम चमचाभर मावतं. "अजून दूध उतरलं नाही" म्हणून मध, गुळाचं पाणी किंवा घुटी चाटवू नये. मध तर वर्षभर वर्ज्यच, त्यातल्या जंतूंच्या बीजांमुळे लहान बाळाला लकव्यासारखा गंभीर आजार होऊ शकतो.

बेताचं खाणाऱ्या आईलाही पुरेसं दूध येतं, हे घरातल्या सगळ्यांनी लक्षात ठेवावं. शरीर आधी दुधाची सोय करतं आणि कमी पडेल ते आईच्या हाडांतून, रक्तातून, चरबीतून काढून घेतं. म्हणूनच बाळ गुटगुटीत आणि आई मात्र कंबरदुखीनं, चक्करेनं बेजार, असं चित्र घरोघर दिसतं.

आईच्या खाण्यातलं दुधात काय उतरतं

घटकांचे दोन गट पडतात.

पहिल्या गटात प्रथिनं, दुधातली साखर, कॅल्शियम, लोह, जस्त, फोलेट. आईनं हे कमी खाल्लं तरी दुधातलं त्यांचं प्रमाण फारसं हलत नाही. झीज आईची होते.

दुसऱ्या गटात बी-१ (थायमिन), बी-१२ आणि बी गटातली इतर काही जीवनसत्त्वं, अ जीवनसत्त्व, ड जीवनसत्त्व, आयोडीन आणि मेंदूच्या वाढीला लागणारी ओमेगा-३ स्निग्धाम्लं. आईच्या ताटात ही नसतील तर दुधातही कमी पडतात. दूध दिसायला तेवढंच पांढरं, तेवढंच भरपूर, बाळाचं वजनही वाढत असतं. त्यामुळे उणीव कुणाच्या ध्यानात येत नाही.

आता वरची वर्ज्य यादी पुन्हा पाहा. तिनं ताटातून जे काढलं त्यातलं बरंचसं या दुसऱ्या गटातलंच आहे.

नुसत्या भाताचं पथ्य का धोक्याचं

पांढऱ्याशुभ्र, पॉलिश केलेल्या तांदळात १०० ग्रॅममागे थायमिन साधारण ०.०५ मिलिग्रॅम असतं. तेवढ्याच ज्वारीत ते सुमारे ०.३५, आणि शेंगदाण्यात अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षाही जास्त. थायमिन असतं ते तांदळाच्या वरच्या कोंड्यात, आणि गिरणीत तो कोंडाच निघून जातो. उरलंसुरलं तांदूळ चार-पाच पाण्यांनी चोळून धुताना आणि भाताची पेज ओतून देताना जातं. शरीरात थायमिनचा साठाही फार टिकत नाही, काही आठवड्यांतच तो संपतो.

कर्नाटकातल्या डॉक्टरांनी अशी बाळं तपासून नोंदवली आहेत: वय एक ते चार महिने, फक्त अंगावरचं दूध, जन्मापासून धडधाकट, आणि एकाएकी धाप, उलट्या, किरकिर, फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढून हृदयावर ताण. त्यांच्या आयांचं खाणं विचारलं तर बाळंतपणाच्या पथ्यातला पॉलिश तांदूळ. थायमिनचं इंजेक्शन मिळालं तर अशी बाळं काही तासांत ते एक-दोन दिवसांत सावरू लागतात. वेळेत ओळखलं नाही तर दगावू शकतात. आईला स्वतःला बहुधा काहीच होत नाही, फार तर पायांना मुंग्या आणि थकवा, आणि तो बाळंतपणाचाच समजला जातो.

हे टाळायला वेगळा खर्च नाही:

१. तांदूळ दोनदाच धुवा. पेज ओतू नका, पाणी मुरेल अशा बेतानं भात शिजवा. पेज काढलीच तर ती आईला मीठ घालून प्यायला द्या.

२. खानापूर, चंदगड, गोव्याच्या बाजूला उकडा तांदूळ सहज मिळतो. टरफलासकट भात उकडताना वरचं थायमिन दाण्याच्या आत मुरतं, त्यामुळे पॉलिश केल्यावरही बरंचसं टिकतं. बाळंतिणीला हाच भात द्यावा.

३. दिवसातलं निदान एक जेवण जोंधळ्याच्या, नाचण्याच्या किंवा बाजरीच्या भाकरीचं हवं.

४. रोज वाटीभर उसळ किंवा दाट आमटी: मटकी, हुलगे, अख्खा मसूर, मूग, चवळी. "डाळीचं नुसतं वरचं पाणी" नको, डाळ पोटात गेली पाहिजे.

५. जेवणाला लागून चहा आणि सुपारी टाळा. दोन्हींतले तुरट घटक थायमिनही अडवतात आणि लोहही.

किती खायचं

पहिल्या सहा महिन्यांत रोज साधारण ७५० मिलिलिटर दूध तयार होतं. एवढ्या दुधात सुमारे ५०० किलोकॅलरी ऊर्जा असते आणि ते तयार करायलाही ऊर्जा लागते. म्हणून हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींत पहिल्या सहा महिन्यांसाठी रोज ६०० आणि पुढच्या सहा महिन्यांसाठी ५२० किलोकॅलरी जास्तीच्या सांगितल्या आहेत. प्रथिनं पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे १७ ग्रॅम जास्त.

ताटाच्या भाषेत ही ६०० ची भर अशी: एक मध्यम जोंधळ्याची भाकरी (५५ ग्रॅम पीठ), वाटीभर उसळ (३० ग्रॅम कोरडं कडधान्य), एक पेला गाईचं दूध (२०० मिलिलिटर), मूठभर शेंगदाणे (२५ ग्रॅम) आणि चमचाभर तूप. बाळंतपणाआधी ती जेवत होती त्यावर एवढं वाढवायचं. प्रथिनांची बेरीजही यातच वीस ग्रॅमच्या पुढे जाते. "दोघांचं जेवण" वाढायची गरज नाही, आणि वाटीवाटीनं तूप ओतायचीही नाही. तुपातून ऊर्जा मिळते, पण प्रथिनं, लोह किंवा थायमिन मिळत नाही. दिवसाला तीन चमचे पुष्कळ झाले.

शेंगदाणे निवडून घ्या. सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा वास येणारे किंवा कडू लागणारे दाणे चटणीत ढकलू नका. त्या बुरशीतलं विष आईच्या दुधात उतरतं आणि भाजल्यानं पुरतं नाहीसं होत नाही.

अथणी, रायबाग, चिकोडीकडच्या घरात दिवस असा लावता येईल. सकाळी सातला पेलाभर दूध आणि एक लाडू. नऊला एक भाकरी, मेथी किंवा शेपूची भाजी, दोन चमचे शेंगांची चटणी. अकराला पेलाभर ताक. दुपारी दोन भाकऱ्या, हुलग्याची किंवा मटकीची उसळ, एखादी फळभाजी, काकडी, लिंबाची फोड. पाचला मूठभर शेंगदाणे-गूळ आणि एक केळं किंवा पेरू. रात्री भाकरी, वाटीभर भात, दाट आमटी, अंबाडी, चाकवत किंवा लाल राजगिऱ्याची भाजी, थोडं दही. मध्यरात्री पाजायला उठल्यावर भूक लागते ती खरीच असते. उशाशी झाकून ठेवलेला लाडू किंवा दूध असू द्या.

खानापूर भागात भाताशिवाय चालत नाही आणि चालवायचा आग्रहही नको. सकाळी नाचण्याची आंबील ताक घालून, दुपारी उकड्या तांदळाचा भात, अख्ख्या मसुराची आमटी आणि पालेभाजी, रात्री नाचण्याची भाकरी. नाचण्यात १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, दुधाच्या तिपटीच्या जवळपास. तिळात त्याहून कितीतरी जास्त, म्हणून चटणीत रोज दोन चमचे तीळ.

मांसाहार चालत असेल तर रोज एक अंडं आणि आठवड्यातून दोनदा मासा. कारवार-गोव्याकडून येणारा बांगडा आणि तारली हे लहान, स्वस्त आणि ओमेगा-३ नं भरलेले मासे बाळंतिणीला सगळ्यांत योग्य. मोरीसारखे मोठे शिकारी मासे टाळा, त्यांच्यात पारा साठतो. शाकाहारी घरात जवसाची चटणी रोज हवी. तिच्यातल्या ओमेगा-३ चं मेंदूला लागणाऱ्या रूपात थोडंच रूपांतर होतं, पण शाकाहारात तेवढाच आधार आहे.

सिझेरियन झालं असेल तरी आठवडाभर नुसत्या पेजेवर ठेवायचं कारण नाही. डॉक्टरांनी तोंडानं सुरू करा म्हटल्यावर पाणी, मऊ खिचडी, आणि शी-वाऱ्याची तक्रार नसेल तर एक-दोन दिवसांत नेहमीचं जेवण. टाके भरायला प्रथिनं लागतात. पथ्यानं टाके लवकर भरत नाहीत, बद्धकोष्ठता मात्र नक्की होते आणि कुंथल्यानं टाके ताणतात.

पाणी, चहा, कॉफी

बाळंतिणीचं पाणी तोडणं ही या भागातली सगळ्यांत त्रासदायक समजूत. पोट सुटतं ते गरोदरपणात ताणलेल्या स्नायूंमुळे, पाण्यामुळे नव्हे. प्रत्येक वेळी पाजायला बसताना बाजूला पेलाभर पाणी असावं. तहानेप्रमाणे प्यायलं की दिवसाला अडीच-तीन लिटर सहज होतं, मे महिन्यात त्याहून जास्त. लघवी गडद पिवळी दिसली की पाणी कमी पडतंय. मात्र बळंच प्यायल्यानं दूध वाढत नाही. बाळाला सहा महिन्यांपर्यंत वरचं पाणी अजिबात नको, उन्हाळ्यातसुद्धा.

चहा-कॉफीतलं कॅफिन दुधात उतरतं आणि लहान बाळाच्या अंगात ते बराच काळ रेंगाळतं. दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत राहावं. कपभर (१५० मिलिलिटर) चहात ३० ते ६५ आणि फिल्टर कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम असतं. म्हणजे दोन-तीन कप चहा किंवा एक कप कॉफी, तेही जेवणाच्या तासभर आधी किंवा नंतर.

लाडू, शतावरी आणि बोळ

अळीव, डिंक, मेथी, खसखस, बाळंतशोपा, शतावरी यांनी दूध वाढतं याचे भक्कम पुरावे नाहीत. तरी डिंकाचा लाडू, म्हणजे आपल्याकडची अंटिन उंडी, बाळंतिणीला द्यावाच. खारीक, खोबरं, डिंक, गूळ, तूप असं लहानशा घासात भरपूर ऊर्जा देणारं खाणं एका हातात बाळ असताना खाता येतं, हा त्याचा मोठा गुण. दिवसाला एक, फार तर दोन. गोकाकचा करदंट (डिंक-सुक्यामेव्याची वडी) आणला तर तोही याच हिशेबात, लाडवावर आणखी नव्हे.

अळिवाचा लाडू घरी असा: ५० ग्रॅम अळीव एका नारळाच्या पाण्यात दोन तास भिजवा. ते फुगून बुळबुळीत होतात. त्यात एका नारळाचा चव आणि २५० ग्रॅम चिरलेला गूळ मिसळून मंद आचेवर गोळा होईपर्यंत परता. मिश्रण पातळ राहिलं तर लाडू वळत नाहीत, आणि जास्त परतलं तर गार झाल्यावर दगडासारखे होतात. कडेनं सुटू लागलं की उतरवा, जायफळ घाला आणि कोमट असताना वळा. ओल्या नारळामुळे बाहेर दोन दिवसच टिकतात.

गरोदरपणात साखर वाढलेली असेल तर गुळाचे लाडू रोज नकोत. त्याऐवजी भाजलेले शेंगदाणे, तीळ, एक अंडं किंवा पेलाभर दूध. अशा आईनं बाळंतपणानंतर ६ ते १२ आठवड्यांत साखरेची तपासणी पुन्हा करून घ्यावी. बाळाच्या गडबडीत ती बहुतेकींची राहून जाते. मेथीदाणे जास्त खाल्ले तर पोट बिघडतं आणि साखर उतरू शकते. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच घ्या.

काळा बोळ मात्र देऊ नका. तो कोरफडीचा वाळवलेला रस, कडक रेचक आहे. त्यानं आईला जुलाब होतात आणि बाळाचंही पोट बिघडू शकतं.

"वातूळ" पदार्थांचं काय

हरभरा, वाटाणा, कोबी खाल्ल्यावर गॅस होतो तो आईच्या आतड्यात, न पचलेल्या चोथ्यावर जंतू काम करतात म्हणून. तो चोथा आणि तो गॅस रक्तात जात नाही, म्हणून दुधातही जात नाही. आईला स्वतःला त्रास होत असेल तर तिनं तो पदार्थ कमी खावा, तेवढंच. दुधात उतरतो तो लसूण, जिरं, ओवा अशांचा वास आणि चव. त्यात वाईट काही नाही, बाळाला घरच्या जेवणाची ओळख तिथूनच होते. बेताचं तिखटही चालतं.

बाळाची शी अधूनमधून हिरवी होते, संध्याकाळी दोन-तीन तास बाळ पाय पोटाशी घेऊन रडतं, वारे सोडतं. पहिल्या तीन महिन्यांत हे पुष्कळ बाळांना होतं, आई काहीही खावो. रोज एक पदार्थ बंद करत गेलं की चार आठवड्यांत आईचं ताट रिकामं होतं आणि रडणं त्याच्या वेळेनंच थांबतं. श्रेय मात्र पथ्याला मिळतं.

खरी ॲलर्जी थोड्या बाळांना असते आणि ती बहुतेक वेळा गाई-म्हशीच्या दुधातल्या प्रथिनाची. शीमधून रक्ताचे धागे, भरपूर शेंबडासारखी शी, अंगावर न जाणारा पुरळ, वारंवार उलट्या आणि वजन न वाढणं ही तिची लक्षणं. मग डॉक्टरांच्या सल्ल्यानं आईनं दूध, दही, ताक, लोणी, खवा, कुंदा, पेढा सगळं दोन ते चार आठवडे पूर्ण थांबवायचं. चहातलं चमचाभर दूधही नको, अर्धवट थांबवून काही कळत नाही. फरक पडला तर पुन्हा एकदा दूध घेऊन पाहायचं. लक्षणं परतली तरच निदान पक्कं. तेवढ्या काळात नाचणा, तीळ आणि कॅल्शियमच्या गोळ्या चालू ठेवा. अंगावरचं दूध बंद करायचं नाही.

मिश्री, तंबाखू, विडा, ब्रँडी

निपाणी-चिकोडीचा पट्टा तंबाखूचा. घराघरांत विड्या वळल्या जातात आणि अनेक बायका सकाळी मिश्री लावतात. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. हिरड्यांतून निकोटिन रक्तात जातं आणि रक्तापेक्षाही जास्त प्रमाणात दुधात साचतं. त्यानं प्रोलॅक्टिन कमी होऊन दूध घटतं आणि बाळाची झोप मोडते. बाळंतपण ही मिश्री सोडायची चांगली वेळ आहे, कारण गरोदरपणात बऱ्याच जणींनी ती आधीच कमी केलेली असते. एकदम सुटत नसेल तर निदान पाजून झाल्यावर लावावी आणि पुढच्या पाजण्यात दोन तासांचं अंतर ठेवावं. दुधातलं निकोटिन साधारण दीड तासानं निम्मं होतं.

पण त्यासाठी दूध तोडू नये. मिश्री लावणाऱ्या आईचं दूधही डब्याच्या दुधापेक्षा बाळाला चांगलंच.

विड्या वळणाऱ्या आईनं पाजण्याआधी कोपरापर्यंत साबणानं हात धुवावेत आणि वरचं लुगडं किंवा ओढणी बदलावी. विड्या वळायचं सूप आणि तंबाखू बाळ झोपतं त्या खोलीत ठेवू नये. जेवणानंतरचा विडा द्यायचाच तर पान, बडीशेप, ओवा एवढाच.

काही घरांत बाळंतिणीला ऊब यावी म्हणून चमचाभर ब्रँडी किंवा अंड्यात घालून दारू देतात. ती अर्ध्या-एक तासात दुधात पोचते, दूध उतरणं मंदावतं आणि बाळ सुस्त होतं. देऊ नका.

गोळ्या, मीठ आणि थेंब

कितीही चांगलं जेवलं तरी काही गोष्टी जेवणातून भरून निघत नाहीत. सरकारी आरोग्य केंद्रात बाळंतपणानंतर १८० दिवस रोज एक लाल गोळी मिळते: ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड. सोबत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियमची गोळी, दिवसातून दोनदा, सहा महिने. या दोन्ही एकत्र घेतल्या तर कॅल्शियम लोहाला अडवतं, म्हणून मध्ये निदान दोन तासांचं अंतर. सोपी पद्धत अशी: कॅल्शियम नाश्त्यासोबत आणि रात्रीच्या जेवणासोबत, लोह दुपारच्या जेवणानंतर तासाभरानं लिंबूपाण्याबरोबर. शी काळी होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मळमळत असेल तर गोळी जेवणाबरोबर घ्या, पण सोडू नका.

आपल्या भागात सासर बेळगाव तालुक्यात आणि माहेर चंदगड, गडहिंग्लज किंवा आजऱ्यात, असं सर्रास असतं. बाळंतपणाला माहेरी गेलं की या गोळ्या हमखास तुटतात. जाताना तायी कार्ड (कर्नाटकातलं गरोदरपण-बाळंतपणाच्या नोंदींचं कार्ड) सोबत न्या. गोळ्या राष्ट्रीय कार्यक्रमातल्या आहेत, महाराष्ट्रातल्या आरोग्य केंद्रातही त्याच मिळतात. कर्नाटकात २०१७ पासून मातृपूर्ण योजनेखाली अंगणवाडीतून गरोदर बाईला आणि बाळंतिणीला सहा महिने जेवण आहे: भात, सांबार, भाजी, अंडं, दूध. ओली बाळंतीण बाहेर पडत नसेल तर घरच्या माणसानं जाऊन काय मिळतं ते विचारावं.

लिंगायत, जैन, ब्राह्मण आणि इतर शाकाहारी घरांत बी-१२ कडे खास लक्ष हवं. ते फक्त प्राणिजन्य अन्नात असतं. दूध-दह्यातून थोडंच मिळतं, आणि तेही कफाच्या भीतीनं बंद केलं तर काहीच नाही. बाळाला उणीव झाली की ती सहा महिन्यांनंतर दिसते: हसणारं, बसणारं बाळ मागे पडतं, मान ढिली होते, बोटांच्या पेरांवरची कातडी काळवंडते, केस विरळ आणि भुरे होतात, हातापायांना कंप सुटतो. शाकाहारी आईनं रोज अर्धा लिटर दूध-दही घ्यावंच, आणि डॉक्टरांना विचारून बी-१२ ची गोळीही.

मीठ आयोडीनयुक्तच हवं. खडेमीठ आणि सैंधव यांत पुरेसं आयोडीन नसतं. पिशवी फोडल्यावर मीठ झाकणाच्या बरणीत ठेवा, चुलीशेजारी उघडं नको.

ड जीवनसत्त्व आईच्या दुधात मुळातच कमी असतं. म्हणून बाळाला पहिलं वर्षभर रोज ४०० युनिटचे थेंब द्यावेत. बाटलीवर एका मिलिलिटरला किती युनिट ते वाचा. काही बाटल्यांत ४०० असतात, काहींत ८००, आणि सगळ्यांत जास्त चुका इथेच होतात.

दूध पुरतंय का, आणि दवाखान्यात कधी धावायचं

पाचव्या दिवसापासून २४ तासांत सहा किंवा जास्त वेळा फिकट रंगाची लघवी, दहा ते चौदा दिवसांत जन्मवजन परत, त्यानंतर पहिले तीन महिने रोज सरासरी २० ते ३० ग्रॅम वाढ. हे जमत असेल तर दूध पुरतंय, बाळ कितीही रडो. जमत नसेल तर आधी बाळ धरण्याची पद्धत आणि पाजण्याच्या वेळा पाहा, मग आईचं ताट, मग दवाखाना. वजन दर वेळी एकाच काट्यावर, बाळाचे कपडे काढून करा.

थांबू नये अशी लक्षणं: बाळ शांत असताना मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास (दोन महिन्यांवरच्या बाळाला ५० किंवा जास्त), छाती आत ओढली जाणं, रडण्याचा आवाज घोगरा होणं किंवा रडताना आवाजच न फुटणं, सतत उलट्या, दूध न ओढणं, फिकट किंवा निळसर ओठ. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं निघा.

तिथे पोचल्यावर "सर्दी-कफ झालाय" एवढंच सांगून थांबू नका. बाळ फक्त अंगावर पितं का, आई किती दिवसांपासून पथ्यावर आहे, ताटात रोज नेमकं काय असतं, भाताची पेज ओतली जाते का, डाळ-भाकरी-पालेभाजी बंद आहे का, हे कुणी विचारायच्या आधी आपणहून सांगा. थायमिनची उणीव ओळखायला गर्दीच्या दवाखान्यात लगेच होणारी तपासणी सहसा नसते, आणि डॉक्टर इंजेक्शनचा निर्णय बहुधा या माहितीवरूनच घेतात.